राहुकाळाआधी निघालेली पॅनेलं

बसवनगुडीच्या बाजारात कोहळ्यांचे ढीग लागले की मी मान फिरवते. शेवंतीच्या माळा, केळीचे खांब, उसाची कांडी, सगळं आनंदानं बघते, घासाघीस करून विकतही घेते. पण त्या राखाडी, पांढरी भुकटी माखलेल्या फळांकडे बघवत नाही. भाजीवाली दरवर्षी विचारते, "अक्का, कुंबळकाई बेडवा?" कोहळा नको का म्हणून. मी म्हणते, नको गं बाई, आमच्याकडे गाडी नाही, दुकान नाही, फोडायचा कशासाठी? ती हसते. बंगळुरात आयुधपूजेला कोहळा न फोडणारं घर म्हणजे तिला दिवाळीला अंधारात बसलेलं घर वाटत असणार.

मी मूळची सांगलीची. तिकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, पण ती जरा शांत असते. बंगळुरात तिला धारच वेगळी. कोहळ्याला वरून भोक पाडतात, आत कुंकू भरतात, यंत्रावरून ओवाळतात आणि फाटकाशी आणून जोरात आपटतात. दुपारपर्यंत गावभर रस्त्यांवर लाल लगदा पसरतो आणि त्यावरून स्कूटरी घसरतात. देवाला काय वाटत असेल ते असो, अपघाताच्या दवाखान्यांचा मात्र तो मोसम असतो. माझी पुतणी व्हाइटफील्डला एका काचेच्या इमारतीत काम करते. काल तिनं फोटो पाठवला, टेबलावर ओळीनं मांडलेले लॅपटॉप आणि प्रत्येकाच्या झाकणावर गंधाचं बोट. खाली लिहिलं होतं, "काकू, आमची आयुधं!" मी छान म्हणून कळवलं. मग बराच वेळ फोन हातात धरून बसले, कारण मला आमची आयुधं आठवत होती.

नव्वदच्या दशकात जे. पी. नगरच्या पार कडेला, जिथं घरं संपून नाचणीची शेतं सुरू व्हायची, तिथं आमची शेड होती. वर सिमेंटचे पत्रे, आत ताज्या रंगाचा आणि तापलेल्या वार्निशचा वास. तिथं आम्ही कंट्रोल पॅनेलं बनवायचो. लोखंडी कपाटासारखी उभी पेटी, दार उघडलं की आत तारांचं जाळं, दारावर दिवे आणि बटणं. पोलादाची गिरणी, सिमेंटची भट्टी, ओतशाळेतली क्रेन, या अजस्र यंत्रांनी कधी हलायचं आणि कधी थांबायचं हे त्या कपाटात ठरतं. तयार माल कुणाच्या उपयोगाचा नसे. शिंप्याकडे माप द्यावं तसे कारखानदार यायचे आणि आपापल्या यंत्राच्या खोडी सांगायचे.

त्या खोडी ऐकून घ्यायचं काम माझ्या मोठ्या दिरांचं. घर आणि शेड दोन्हीकडे ते अण्णा, म्हणून मलाही अण्णाच. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलं म्हणतात. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत थोडं म्हणायला 'स्वल्प' आणि बरं म्हणायला 'सरी' इतके असतात की माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय बोलतात गं हे?" अण्णांचा व्होल्टमीटरवर जितका विश्वास तितकाच पंचांगावर. दोन्ही आकडेच दाखवतात, असं ते म्हणत. दूरदूरचे कारखानदार त्यांचा सल्ला घ्यायला येत आणि अण्णांची सही असली की ड्रॉइंग पुन्हा बघत नसत. ती ड्रॉइंगं मी काढायचे. माझा नवरा माधव पॅनेलांच्या मागोमाग साइटवर जाऊन ती चालू करून द्यायचा. माधव गुणी माणूस, पण त्याच्या तोंडातून 'नाही' हा शब्द निघत नसे. अण्णांनी सांगितलं की झालं. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा अण्णांनी सांगितली म्हणून हा हो म्हणाला, असं मी त्याला चिडवायचे, आणि तो तेही नाकारत नसे.

दसऱ्याचा महिना आम्हाला लग्नघरासारखा जाई. प्रत्येक कारखानदाराला नवं यंत्र विजयादशमीलाच सुरू करायचं असे, त्यामुळे नवरात्राच्या आगेमागे ट्रकावर ट्रक निघत. पॅनेल निघण्याआधी त्याची पूजा व्हायची. दाराला हळदकुंकू, वर माळ, समोर कोहळा. एकदा दृष्ट काढून कोहळा फुटला की त्या पॅनेलचं दार आमच्या शेडमध्ये कुणी पुन्हा उघडायचं नाही, हा अण्णांच्या वडिलांपासूनचा नियम. उघडलं तर काढलेली दृष्ट परत आत शिरते. मी डिप्लोमा केलेली बाई, मला हसू यायचं. पण नियम निरुपद्रवी होता. सगळं तपासून झाल्यावरच पूजा होत असे, मग दार उघडायचं कारणच काय?

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्रेनचा हुक वर जाता जाता अगदी टोकाला पोचला की तिथली एक खिट्टी दाबली जाते आणि वीज तुटते. तिला लिमिट स्विच म्हणतात. माणसाचं लक्ष उडालं, बटणावरचं बोट उचलायचं राहिलं, तरी हुक थांबतो. नाहीतर तो वर जाऊन आदळतो, दोर तुटतो आणि उचललेलं सगळं खाली येतं. आता आमच्या शेडमध्ये क्रेन कुठली असणार? म्हणून पॅनेल तपासताना त्या खिट्टीच्या जागी मागच्या बाजूला तारेचा एक तुकडा जोडायचा. त्याला जंपर म्हणायचं. जंपर असेपर्यंत पॅनेलला वाटतं की हुक अजून खालीच आहे, चालू दे. तपासणी झाली की जंपर काढून फेकून द्यायचा. तारेचे असे तुकडे शेडमध्ये केरात निघत. त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

त्या वर्षी हवाच विचित्र होती. पाऊस संपला म्हणावा तर आभाळ उघडेना, आणि ऊन नाही म्हणून रंग वाळेना. दिवसातून कितीदा तरी करंट जाई आणि शेड एकदम मुकी होई. दिवे गेल्यावर त्या उभ्या कपाटांच्या रांगेत एकटी बसले की मला उगीचच कुणीतरी बघतंय असं वाटे. एका ओतशाळेच्या क्रेनचं पॅनेल निघायचं होतं. वितळलेल्या लोखंडाची बादली उचलणारी क्रेन. त्या रसाचा एक शिंतोडा चपलेवर पडला तर काय होतं ते माधवनं मला एकदा सांगितलं होतं, आणि मी त्याला पुढचं सांगू दिलं नव्हतं.

घटस्थापनेच्या दिवशी तपासणी चालू असतानाच करंट गेला तो तासभर आला नाही. आला तेव्हा राहुकाळ तोंडावर आला होता. अण्णांची धांदल उडाली. तपासणी उरकली, ट्रकवाला भोंगा वाजवत होता. आमचा फोरमन कृष्णप्पा कोहळा आणायला धावला, अण्णा सोवळं नेसायला गेले. पूजा झाली, कोहळा फुटला, ट्रक गेला. अण्णा घड्याळ बघून म्हणाले, "चला, राहुकाळाआधी सुटला." संध्याकाळच्या बसनं माधवही गेला. जाताना त्यानं माझ्या टेबलावरची शेवंती उचलून खिशात ठेवली.

नवमीला शेडची मोठी पूजा होती. केळीच्या पानांवर पकडी, स्क्रू ड्रायव्हर, मीटर ओळीनं मांडलेले. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ती देवाची. उदबत्तीच्या धुरात कृष्णप्पा गुडघ्यांवर बसून कोहळ्यात कुंकू भरत होता. भरता भरता सहज बोलावं तसं तो बोलला. "अण्णा, ओतशाळेच्या पॅनेलचा जंपर तुम्हीच काढलात नं? मी कोहळ्यासाठी पळालो होतो."

अण्णा गंध उगाळत होते. ते थांबले. "मी? मी आत नेसत होतो. तू काढलास म्हणून तर मी पूजेला बसलो."

कृष्णप्पाच्या बोटांवरचं कुंकू त्याच्या सदऱ्याला लागलं होतं, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मला पहिल्यांदा राग आला, भयंकर राग, त्या दोघांचा, राहुकाळाचा, सगळ्यांचाच. भीती त्याच्यानंतर आली आणि ती गेली नाही.

ओतशाळेचा फोन वाजत राहिला. तिथंही पूजा, ऑफिसात कोण बसणार? अण्णांनी पुन्हा पुन्हा फिरवला. मग ते उठले, पानावरची पकड आणि स्क्रू ड्रायव्हर उचलले, गंधाक्षतांसकट, आणि पिशवीत टाकले. कृष्णप्पाच्या तोंडून "अण्णा!" एवढंच निघालं. "मी येते," मी म्हणाले. ते म्हणाले, "सरी. बस."

तुमकूर मागं पडलं तरी अण्णांनी गाडी कुठं थांबवली नव्हती. रस्ताभर प्रत्येक गावात, प्रत्येक टपरीसमोर, पेट्रोल पंपावर तो लाल लगदा. लॉऱ्यांना केळीचे खांब बांधलेले, चाकांखाली चिरडलेली लिंबं. सगळा मुलूख दृष्ट काढून मोकळा झाला होता आणि आमची जुनी फियाट त्यातून खडखडत जात होती. न राहवून मी म्हणाले, "माधव तपासेलच की सगळं."

"तो तपासणार नाही, वत्सला," अण्णा म्हणाले. "माझी सही आहे त्याच्यावर."

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला नमस्कार केला. डिप्लोमा केलेली बाई!

चित्रदुर्गाच्या अलीकडे ओतशाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आतून मोठ्यानं हसण्याचे आवाज येत होते. क्रेनखाली सतरंजी घालून सगळे चुरमुरे-खोबरं खात बसले होते आणि त्यांच्यात माधव होता, कपाळभर कुंकू, हातात द्रोण. मला बघून तो उठला. "तू कशी इथं?" मी त्याचा दंड धरला तो सोडलाच नाही. मालक खुशीत होते. बादली मुहूर्तापुरती जमिनीवरून उचलली होती, रिकामी. उद्या विजयादशमीला रसानं भरून वरपर्यंत न्यायची, आणि खाली उभं राहायचा पहिला मान इंजिनिअरसाहेबांचा, असं ते म्हणाले. माधव संकोचून हसला. हो म्हणून बसला होता तर!

अण्णांनी पॅनेलचं दार उघडलं आणि मागं हात घातला. हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती, बोटांतून तारेचं टोक दिसत होतं. ती त्यांनी खिशात घातली आणि मालकांना म्हणाले, "एक स्क्रू सैल होता." ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हुक वरपर्यंत गेला, खिट्टी दबली, थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

इथंच हे संपलं असतं तर मी कोहळा हौसेनं विकत घेतला असता. देवानं राखलं म्हणायचं आणि नारळ वाढवायचा, आपल्याकडे गोष्टी अशाच संपवतात. पण परत येताना माधव गाडी चालवत होता, मी मागं बसले होते, आणि अण्णा अचानक स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "मागच्या दसऱ्याला त्या सिमेंटवाल्याचं घाईत गेलं होतं, नाही का?"

माधव म्हणाला, "हो."

"ते मी बघितलं होतं. नक्की बघितलं होतं." अण्णांनी एक बोट मिटलं. "त्याच्या आधी दगडाच्या खाणीचं. तेव्हा पण राहुकाळ होता. ते कृष्णप्पानं बघितलं असणार." मग आणखी एक. मग आणखी एक. एकेक पॅनेल ते नावानं आठवत होते, जुन्या पंक्तीतली माणसं आठवावीत तसे, आणि प्रत्येकाशी अडखळत होते. किती दसरे, किती ट्रक. पूजा झाल्यावर ज्यांची दारं आम्ही उघडली नाहीत अशी ती सगळी कपाटं देशभर कुठं कुठं उभी होती, रात्रंदिवस चालू होती आणि त्यांच्यासमोर माणसं उभी होती. बाहेर नाचणी वाऱ्यानं हलत होती.

"माधवा, पुढं डावीकडे वळव," अण्णा म्हणाले. "आत एक साखर कारखाना आहे. उसाची मोळी उचलायची क्रेन. तिचं पॅनेल आपलंच."

उसाच्या उभ्या पिकातून लांबच लांब कच्चा रस्ता होता. गळीत सुरू व्हायचं होतं, शिवाय दसरा, त्यामुळे फाटकावर एक म्हातारा रखवालदार तेवढा होता. अण्णांनी कानडीत क्रेनची चौकशी केली. ती क्रेन आता नाही, तो म्हणाला, नवी आणली. जुनीचा हुक एकदा वर गेला तो थांबलाच नाही. दोर तुटला आणि हुक केबिनवर आला. चालवणारा बसप्पा जागच्या जागी गेला.

"आणि तिचं पॅनेल?" अण्णांनी विचारलं.

"भंगारात दिलं, स्वामी." मग आमचे चेहरे बघून आम्हाला धीर द्यावा तसा तो म्हणाला, "यंत्राचा दोष नव्हता. बसप्पानं वेळेवर बोट उचललं नाही म्हणे. त्याच्या बायकोला पण तसंच सांगितलंय."

अण्णा गाडीत येऊन बसले. "माधवा, गाडी काढ."

माधवनं किल्लीला हात लावला नाही.

"काढ गाडी. भंगारात गेलं ते. आपली चूक होती की नव्हती, आता देवालाच माहीत."

"नाही," माधव म्हणाला. मी लग्नानंतर पहिल्यांदा तो शब्द त्याच्या तोंडून ऐकला. तो खाली उतरला आणि त्यानं रखवालदाराला बसप्पाचं घर विचारलं.

घर जवळच होतं, कारखान्याच्या चाळीच्या पलीकडे. दाराला आंब्याचं तोरण होतं. बसप्पाची बायको पस्तिशीची असेल. तिनं चटई टाकली, पाणी दिलं, सणाला आलेल्या पाहुण्यांना द्यावं तसं. माधव बोलायला लागला आणि त्याला जमेना. ती जुनी क्रेन, तिचं पॅनेल, ते आम्ही केलेलं, कदाचित त्यात एक तार राहिली असेल, कदाचित नसेल, आता कळायला मार्ग नाही. कानडीतलं 'कदाचित' तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या देईल, हाकलून देईल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं 'कदाचित' ऐकलंच नाही.

"म्हणजे," ती म्हणाली, "त्यांची चूक नव्हती?"

माधवनं अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. अण्णा आयुष्यात कधी न तपासलेलं बोलले नव्हते. वीज असो, तिथी असो, आधी बघायचं आणि मग सांगायचं, हीच त्यांची सगळी विद्या. ते चटईवर अवघडून बसले होते, धोतराचा सोगा मुठीत धरून. त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आजही नाही.

"अवरदु तप्पिल्ल, अम्मा," अण्णा म्हणाले. त्यांची चूक नव्हती.

ती उठली, आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि सासूला हाताला धरून बाहेर घेऊन आली. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. सुनेनं तिला अण्णांच्या अगदी समोर बसवलं आणि म्हणाली, "यांना पण सांगा. मोठ्यानं सांगा, यांना कमी ऐकू येतं."

अण्णांनी पुन्हा सांगितलं.